तोटी, झाकण आणि शुक्राचार्य

मोटारगाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेइतकी निर्दय भाषा मी महसूल खात्यातल्या पस्तीस वर्षांच्या चाकरीतही वाचलेली नाही. सरकारी परिपत्रक कितीही करडे असले, तरी त्यात 'शक्य तोवर', 'योग्य ती तजवीज करून', 'स्थानिक परिस्थिती विचारात घेऊन' अशा चार-दोन खिडक्या उघड्या ठेवलेल्या असतात आणि अडचणीत सापडलेला कारकून त्यांतून सुखरूप बाहेर पडू शकतो. पुस्तिकेला असली माणुसकी ठाऊक नाही. रेडिएटरमधले जुने पाणी काढून नवे भरावे, एवढेच तिचे फर्मान असते. किष्किंधेहून निघणाऱ्या मारुतीला केवळ दक्षिणेकडे जाऊन यावे असे सांगावे आणि वाटेतला समुद्र, जबडा पसरून बसलेली सुरसा, सावली धरून ओढणारी सिंहिका यांच्याविषयी चकार शब्द काढू नये, तशातला हा प्रकार. तोटी नेमकी कोठे आहे, तिच्याखाली काय ठेवावे, आणि ठेवलेल्या भांड्याला वळसा घालून पाणी भलतीकडेच निघून गेले तर दाद कोणाकडे मागावी, याविषयी पुस्तिका मौन पाळते. मारुतीला निदान उड्डाण करता येत होते. मला गाडीखाली उताणे होऊन सरपटत जावयाचे होते.

गाडी म्हणजे आमची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. तिचा मूळ अवतार इटलीतल्या फियाटचा; १९६४ साली ती कुर्ल्याच्या कारखान्यातून '११०० डिलाइट' या नावाने बाहेर पडू लागली आणि १९७४ मध्ये तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. वडिलांनी पैसे भरून तिची नोंदणी केली तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि ती प्रत्यक्ष दारात उभी राहिली तेव्हा मी नोकरीत कायम होऊन वरिष्ठांच्या शेऱ्यांना सरावलेला होतो. मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची सेवानिवृत्त झाली. खासगी नोकरीतल्या आमच्या पद्मिनीला मात्र दर पाच वर्षांनी मुदतवाढ मिळत आली आहे. रतिशास्त्रकारांनी नायिकांचे पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी आणि हस्तिनी असे चार वर्ग पाडून त्यांत पद्मिनीला सर्वांत मृदू स्वभावाची ठरवले आहे. सपाटीवर आमची गाडी या वर्णनाशी इमान राखून असते. पण साताऱ्याला जाताना खंबाटकीचा चढ लागला, की उरलेल्या तिन्ही वर्गांची लक्षणे ती एकाच वेळी प्रकट करू लागते.

तिला दोष देण्यात अर्थ नाही. जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम चतुर्थांशाच्या आसपास भाग चाकांच्या पदरात पडतो आणि बाकीची वसुली धुराची नळी व रेडिएटर यांच्यामार्फत वाऱ्यावर जमा होते, ही गोष्ट जिल्ह्याच्या कोणत्याही तगाईवाटपाचा हिशेब पाहिलेल्या माणसाला अपरिचित वाटू नये. अगदी आरंभी तर ही उष्णता नेण्यासाठी रेडिएटरही नव्हता. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली जिचा एकस्वाधिकार मिळवला त्या तीनचाकीत पाणी सरळ उकळून उडून जाई आणि उडाले तितके पुन्हा ओतावे लागे. १८८८ च्या ऑगस्टात त्यांची पत्नी बेर्था पतीला न कळवता दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभरएक किलोमीटरवर माहेरी निघाली, तेव्हा वाटेत मिळेल तेथे पाणी घेत, औषधाच्या दुकानातून इंधन घेत आणि तुंबलेली नळी आपल्या टोपीच्या टाचणीने मोकळी करीत तिने ती मजल मारली. पुढे १९०१ च्या मर्सिडीझसाठी विल्हेल्म मायबाख यांनी ८,०७० बारीक चौकोनी नळ्या एकत्र झाळून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला आणि पाणी उडवून टाकण्याऐवजी तेच ते पाणी थंड करून पुन:पुन्हा कामाला जुंपण्याची वहिवाट पडली. थोडक्यात, पाण्याची बदली बंद होऊन नेमणूक कायम झाली. आणि कायम झालेल्या नोकराचे जे व्हावयाचे तेच कालांतराने या पाण्याचेही होते. ते गंजते, गढूळते, तळाशी गाळ धरते.

आमच्या वडिलांच्या काळी रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतण्यात कोणाला गैर वाटत नसे. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, आ वासून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीशेजारी पाण्याचा डबा व हातात ओले फडके घेतलेला एक कुटुंबप्रमुख, आणि दगडावर बसून शिळ्या पोळीची गुंडाळी खाणारे त्याचे कुटुंब, हे दृश्य त्या काळी घाटाच्या निसर्गशोभेचाच एक भाग होते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हा धडा मी तेथेच शिकलो. वडिलांनी तो तोंडाने कधी दिला नाही, पण उजव्या मनगटावरची भाजल्याची खूण ते आम्हा मुलांना अधूनमधून, काही न बोलता दाखवीत असत.

पाण्याऐवजी कूलंट भरू लागलो तो अलीकडे, आणि तेही शेजारच्या अण्णांचा आक्षेप पत्करून. अण्णा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर. जगातील कोणतेही काम दुसरा माणूस करीत असताना बाजूला उभे राहून पाहणे, हा त्यांचा खात्याने घडवलेला स्वभाव आहे.

"ते हिरवं पाणी बर्फाळ मुलखातल्यांसाठी असतं हो," अण्णा म्हणाले. "गोठू नये म्हणून. पुण्यात काय गोठणार आहे? तुमची पेन्शन?"

हा मुद्दा वरकरणी बिनतोड होता. कूलंटचा मुख्य घटक एथिलीन ग्लायकॉल. तो निम्मा आणि ऊर्ध्वपातित पाणी निम्मे असे मिश्रण शून्याखाली पस्तीस अंशांपर्यंतही गोठत नाही, आणि असली थंडी पुण्यात पडल्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. परंतु तेच मिश्रण पाण्यापेक्षा उशिरा उकळते, आणि त्यातली अन्य द्रव्ये आतल्या लोखंडाला गंजू देत नाहीत, ही बाजू अण्णा दृष्टिआड करीत होते. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने येथले उघडे पाणी शंभर अंशांची वाट न पाहता सुमारे अठ्ठ्याण्णव अंशांवरच उकळते; म्हणजे पुण्यातले पाणी मुंबईतल्या पाण्यापेक्षा जवळजवळ दोन अंश आधी डोक्यात राख घालून घेते. पुणेकरांच्या स्वभावाविषयी मुंबईकर जे बोलतात त्याला भौतिकशास्त्राचा इतका सज्जड आधार असल्याचे मी अण्णांच्या निदर्शनास आणले, तेव्हा ते पुण्याच्या बाजूने इतके रागावले, की अठ्ठ्याण्णव अंशांचा आकडा मला थोडा जास्तच वाटू लागला.

असो. भरलेल्या कूलंटला वर्षे लोटली होती. हिरवा रंग जाऊन त्याला टपरीवरच्या उकळून उकळून कडवट झालेल्या चहाचा वर्ण आला होता. रविवार पाहिला, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण निवाली आहे याची बोनेटावर हात ठेवून खातरजमा केली, आणि एक थेंबही जमिनीवर न सांडता हे काम तडीस न्यावयाचे, असा संकल्प सोडला. संकल्पाचे कारण असे, की आमच्या इमारतीच्या वाहनतळाला शहाबादी फरशी आहे आणि त्या फरशीवरच्या तेलाच्या, रंगाच्या व पानाच्या डागांची एक वंशावळ सोसायटीच्या चिटणिसांना मुखोद्गत आहे.

पहिला प्रश्न भांड्याचा. रेडिएटरचा तळ आणि जमीन यांच्यामध्ये जी जागा असते तीत बादली मावत नाही, घमेले जेमतेम जाते पण पाण्याने भरल्यावर बाहेर ओढता येत नाही, आणि जे ताट सहज आत-बाहेर करते त्यात मावेल इतके थोडे पाणी कोणत्याही रेडिएटरमध्ये नसते. उथळही असावे आणि खोलही असावे, रुंद असावे पण आवाक्यात असावे, अशा परस्परविरोधी अटी पुऱ्या करणारी एकच वस्तू घरात होती. ती म्हणजे कणीक मळण्याची मोठी पितळी परात.

"अहो, ती मामांनी लग्नात दिलेली परात आहे," सौ.ने स्वयंपाकघरातूनच बजावले. मी परात कोणत्या कामाला नेतो आहे हे मी सांगितले नव्हते; पण पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर माझ्या पावलांच्या आवाजावरून हेतू ओळखण्याची विद्या तिला साध्य झाली आहे. तिची मैत्रीण दारात आली आणि दोघींचे बोलणे सुरू झाले. त्या अवधीत परातीचे स्थलांतर झाले. या कृत्याला महसुली भाषेत काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण येथे नमूद करण्याची आवश्यकता वाटत नाही.

उताणा होऊन मी गाडीखाली शिरलो. हातात पाना, पकड आणि एक डिसमिस. पेचकसाला आमच्याकडचे मिस्त्री डिसमिस म्हणतात. ज्या शब्दाच्या धाकात उभी हयात नोकरी केली तो निवृत्तीनंतर असा मुठीत धरावयास मिळावा, हा काळाचा न्यायच म्हणावा लागेल. तोटी सापडली. रेडिएटरच्या तळाच्या टाकीला मागल्या अंगाने एक पितळी कान फुटल्यासारखी ती होती आणि तिच्या बरोबर खाली एक आडवी लोखंडी पट्टी. म्हणजे तोटीतून निघालेले पाणी सरळ परातीत पडण्याची कोणतीही सोय रचनाकाराने ठेवली नव्हती; ते आधी पट्टीवर आदळणार, पट्टीच्या दोन्ही टोकांना धावणार आणि मग जेथे वाटेल तेथे खाली उतरणार. तोटी बसवणाऱ्याने तोटीचा विचार केला होता आणि पट्टी बसवणाऱ्याने पट्टीचा. दोन खात्यांच्या फायली एकमेकींना भेटल्या नाहीत म्हणजे काय होते ते मी आयुष्यभर पाहिले होते, पण इतक्या जवळून, नाकापासून वीतभर अंतरावर, प्रथमच पाहत होतो.

तोटी फिरवली. दोन थेंब आले. आणखी फिरवली. तिसरा थेंब आला, लोंबला, आणि पुढील आदेशाची वाट पाहत तेथेच राहिला.

आता, गंजलेल्या रेडिएटरच्या तोटीत गाळ बसणे ही नित्याची गोष्ट आहे. मला वामनावताराची कथा आठवली. बळिराजा दानाचे उदक सोडू लागला तेव्हा शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले, आणि वामनाने दर्भाची काडी घालून ती मोकळी केली. त्यात गुरूंचा एक डोळा गेला. बेर्था बेंझची टाचणी माझ्यापाशी नव्हती, दर्भ दहाव्या-बाराव्याखेरीज कोण बाळगतो? म्हणून मी हात बाहेर काढून अण्णांकडे खराट्याची एक काडी मागितली. अण्णा अर्थात हजर होते. त्यांनी काडी दिली. मी तोटीत काडी घालून, एक डोळा मिटून, पौराणिक सावधगिरीने ढोसू लागलो. काही होईना. शुक्राचार्य हलेनात.

"झाकण उघडलंय का?" अण्णांनी विचारले.

"नाही."

"मग हवा कुठून जाणार आत? भरलेला लोटा पाण्यातच पालथा करून, तोंड बुडालेलं ठेवून वर उचलला तर पाणी खाली पडतं का?" असे म्हणत, आणि मला उत्तर देण्यास अवसर न ठेवता, त्या निष्काम कर्मयोग्याने बॉनेटखाली हात घालून झाकण फिरवले.

शुक्राचार्य तोटीत नव्हतेच. ते वर, झाकणात बसले होते. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. मोठी झडप आतला दाब राखते, त्यायोगे पाण्याचा उकळबिंदू दर पौंडाच्या दाबामागे सुमारे दीड अंश वर चढतो. आणि मधोमध एक बारीक झडप असते, ती इंजिन निवत असताना बाहेरची हवा आत घेते. माझ्या झाकणातली ही बारीक झडप गंजून अखंड समाधीत गेली होती, त्यामुळे वरून हवा जात नव्हती आणि हवा नाही म्हणून खालून पाणी येत नव्हते. झाकण निघताच तोटीने गेल्या पाच मिनिटांची थकबाकी एकरकमी चुकती केली. पाणी पट्टीवर आदळले, पट्टीने ते पाच दिशांना वाटून दिले, आणि त्यांपैकी एक दिशा माझे तोंड होती. डोळे मिटण्याइतका वेळ मिळाला. ओठ मिटण्याइतका मिळाला नाही. एथिलीन ग्लायकॉलची चव गोड असते हे मी वाचले होते. ते खरे आहे.

मी थुंकत, चुळा भरत बाहेर आलो तो परातीत अर्धे पाणी, फरशीवर अर्धे आणि माझ्या गंजिफ्रॉकावर उरलेल्या अर्ध्याचा बराच भाग, असा तीन अर्ध्यांचा चमत्कार दिसला. अण्णा झाकण हातात धरून दोन पावले मागे सरकले होते.

यानंतरचा भाग विनोदाचा नाही, म्हणून तो उरकून टाकतो. हे द्रव्य गोड लागते म्हणूनच घातक: कुत्री आणि मांजरे ते आवडीने चाटतात आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. आमच्या इमारतीत मोत्या नावाचा एक सार्वजनिक कुत्रा आहे, तो वास घेत आलाच. त्याला अण्णांच्या स्वाधीन करून मी फरशीवर लाकडाचा भुसा पसरला, तो ओला झाल्यावर भरून घेतला, मग साबणाच्या पाण्याने फरशी घासून तेही फडक्याने टिपून काढले. गटारात काहीच सोडावयाचे नव्हते; आमचे गटार कोठे जाते ते नकाशावर मी स्वतः पाहिलेले आहे आणि मुठेची अवस्था त्याआधीच पुरेशी गंभीर आहे. अण्णांनी मोत्याला दीड तास मांडीवर धरून ठेवला, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे होईल.

दुपारी हिशेब मांडला. मागल्या खेपेस ओतलेला ऐवज वहीत लिहिलेला होता. परातीतला मोजून पाहिला, भुशातला अंदाजाने धरला, माझ्या केसांतला सोडून दिला. तरी मोठी तूट भरून निघेना म्हणून निघेना. सांडलेले सर्व धरूनही निम्म्याच्या आसपास रक्कम बेपत्ता. सोमवारी नाना पेठेतल्या मिस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा तिचा पत्ता लागला.

"काका, ब्लॉकमधलं कोण काढणार?" मिस्त्रींनी विचारले. रेडिएटर रिकामा झाला तरी इंजिनाच्या पोटातल्या पोकळ्यांत पाणी तसेच राहते. त्याच्यासाठी इंजिनाच्या कुशीला वेगळा पेच असतो. म्हणजे सर्व आटापिटा करून मी जिल्ह्याच्या ठिकाणची तिजोरी तपासली होती आणि तालुक्यांच्या तिजोऱ्यांना हातही लावला नव्हता.

मग मिस्त्रींनी राहिलेले काम माझ्यासमोर केले, आणि त्यांच्या हाताखाली एक थेंबही सांडला नाही. त्यांनी प्रथम रेडिएटरमध्ये साधे पाणी भरले आणि झाकण घट्ट लावले. माझ्या झाकणातली मेलेली झडप त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीने तो दोष नसून सवलत होती. हातभर जुनी रबरी नळी त्यांनी तोटीच्या तोंडावर दाबून बसवली आणि तिचे दुसरे टोक पट्टी टाळून, गोड्या तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा कापून केलेल्या ट्रेमध्ये सोडले. तोटी पूर्ण उघडली. काही आले नाही. मग पोऱ्याला त्यांनी झाकणापाशी उभे केले. "खोल थोडं." पोऱ्याने झाकण अर्धा वेढा सैल केले, नळीतून करंगळीएवढी धार लागली. ट्रे भरत आला. "बंद." झाकण आवळले, धार थांबली. ट्रे बदलला. "खोल."

"काका, तुम्ही कॅप आधी उडवली ना, तिथंच चुकलं," मिस्त्री म्हणाले. "कॅप हातात, तर पाणी हातात."

मी अवाक झालो. ज्या शुक्राचार्यांना हुसकावण्यासाठी मी काडी घेऊन पडलो होतो, त्यांनाच या गृहस्थांनी झारीत सन्मानाने बसवून आज्ञेत ठेवले होते. नंतर ब्लॉकचा पेच काढला, नितळ पाणी येईतो दोनदा भरून सोडले आणि मग नवे कूलंट ओतले. झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केल्यावर आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे वर आले व पातळी खाली गेली. पुन्हा ओतले. नवे झाकण मी त्यांच्याकडूनच विकत घेतले. थर्मोस्टॅटही नवा बसवा म्हणालो, तेव्हा तो पूर्वीच कोणीतरी काढून फेकल्याचे कळले. इंजिन तापेपर्यंत पाणी रोखून धरणारा हा भाग आपल्याकडे गरम हवेत निरुपयोगी समजून काढून टाकण्याची जुनी चाल आहे. तो ठेवणेच योग्य, असे माझे मत मी मांडले. मिस्त्रींनी ते ऐकून घेतले आणि बसवला नाही.

परातीतला मुद्देमाल मी झाकणाच्या कॅनमध्ये भरला, त्यावर तारीख, अंदाजे परिमाण आणि 'विषारी, चाखू नये' असा शेरा मारला, व तो पोटमाळ्यावर कुलुपात ठेवला. गॅरेजमध्ये तो नेऊन दिला असता, तर तेथल्या पिंपात जमा होऊ शकला असता. परंतु पावती मिळणार नाही असे कळल्यावर माझे मन धजेना. अद्याप तो तेथेच आहे.

परात मात्र घासून, उकळत्या पाण्याने, चिंच व मीठ लावून लख्ख करून दिली तरी सौ.ने घेतली नाही. विष गेलेल्या भांड्यात कणीक मळावयाची नाही, हा तिचा निर्णय अचूक होता आणि त्यावर अपील नव्हते. तेव्हापासून परात गाडीच्या डिकीत असते. मध्यंतरी तोटीतून थोडी गळती सुरू झाली तेव्हा रात्रभर ती खाली ठेवली. सकाळी गाडीखाली वाकून पाहिले, तो बोटभर उंचीचे स्वच्छ हिरवे पाणी साचले होते, आणि त्याच्या तळाशी, ठोकून घातलेल्या वळणदार अक्षरांत, मामांचे नाव व 'सप्रेम भेट' हे शब्द अगदी स्पष्ट वाचता येत होते.